प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याचे संशोधन-लेखन : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

महाविद्यालयात नव्याने प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यास संशोधनाची आणि शास्त्रशुद्ध लेखनाची कौशल्ये केव्हा व कशा रीतीने शिकवावीत, हा प्रश्न राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अंमलबजावणीनंतर महाराष्ट्रातील प्रत्येक महाविद्यालयापुढे उभा राहिला आहे. हा प्रश्न नवा वाटत असला तरी त्याला दीर्घ इतिहास आहे. प्रस्तुत शोधनिबंधात यवतमाळ जिल्हा व त्याच्या परिसरातील ज्ञानपरंपरा, विद्यापीठीय शिक्षणाची घडण आणि विद्यापीठ अनुदान आयोगाची धोरणे यांच्या आधारे या प्रश्नाचा मागोवा घेण्यात आला आहे. संशोधनाचे शिक्षण आपल्याकडे नेहमी वरच्या पायरीवरून खाली उतरत आले आणि पहिल्या पायरीपर्यंत ते पोहोचलेच नाही, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : संशोधन कौशल्ये, शैक्षणिक लेखन, प्रथम वर्ष पदवी, शारदाश्रम, लीळाचरित्र, यवतमाळ जिल्हा.

प्रस्तावना

यवतमाळ जिल्ह्यातील पदवी महाविद्यालयांत प्रथम वर्षात येणारा विद्यार्थी बहुधा शेतकरी किंवा शेतमजूर कुटुंबातून येतो. अनेकदा तो आपल्या घरातील महाविद्यालयाची पायरी चढणारा पहिला सदस्य असतो. त्याची घरची बोली वऱ्हाडी, गोरमाटी, गोंडी किंवा कोलामी असते. शालेय शिक्षण मराठीतून झालेले असते आणि संदर्भग्रंथांची भाषा बहुतांशी इंग्रजी असते. बारा वर्षांच्या शिक्षणात त्याने असंख्य उत्तरे लिहिलेली असतात, परंतु स्वतःचा प्रश्न मांडून त्याच्या उत्तरासाठी साधने शोधण्याची वेळ त्याच्यावर क्वचितच आलेली असते.

अशा विद्यार्थ्याकडून आज क्षेत्रीय प्रकल्पाची अपेक्षा केली जाते. तो ही अपेक्षा कोणत्या बळावर पूर्ण करणार, याचे उत्तर शोधण्यासाठी मागे वळून पाहणे आवश्यक ठरते. त्यासाठी प्रस्तुत अभ्यासात ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब करण्यात आला आहे.

विद्यापीठपूर्व परंपरा : लीळाचरित्राची साक्ष

संशोधन पद्धती ही पाश्चात्त्य विद्यापीठांकडून आलेली गोष्ट आहे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. चर्चासत्र पद्धतीच्या बाबतीत ते बव्हंशी खरेही आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बर्लिन येथे इतिहासकार रांके यांनी विद्यार्थ्यांच्या लहान गटासमोर मूळ कागदपत्रे ठेवून त्यांची चिकित्सा करण्याचा प्रघात पाडला आणि पुढे १८७६ मध्ये स्थापन झालेल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठामार्फत तो अमेरिकेत रुजला. तथापि साधनांची नोंद, साक्षीची पडताळणी आणि मतभेदाचा प्रामाणिक उल्लेख या तीन गोष्टी वऱ्हाडच्या भूमीला त्यापूर्वी सहा शतके परिचित होत्या.

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी श्रीचक्रधरस्वामींच्या आठवणी संकलित केल्या. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे या कार्याचे केंद्र होते. नागदेवाचार्यांकडून आठवणी ऐकणे आणि त्या त्या प्रसंगी जे उपस्थित होते त्यांच्याकडे जाऊन खात्री करून घेणे, अशी म्हाइंभटांची पद्धत असल्याचे परंपरा सांगते. मूळ पोथी पुढे परचक्रात गहाळ झाली आणि अनुयायांनी स्मरणातून तिची पुनर्रचना केली, असेही परंपरेत सांगितले जाते. त्यामुळे एकाच लीळेचे भिन्न पाठ निर्माण झाले. महत्त्वाची बाब अशी की, हे भेद लपविण्यात आले नाहीत. कोणाचा पाठ कोणता हे नावानिशी नोंदविण्यात आले. अशा पाठभेदास महानुभाव परंपरेत ‘वासना’ ही संज्ञा आहे.

आजच्या परिभाषेत सांगावयाचे तर येथे माहितीदाता आहे, प्रत्यक्षदर्शी साक्षीची अट आहे आणि मतभिन्नतेचा संदर्भासह निर्देश आहे. ‘हे मला कोणाकडून कळले’ हे सांगणे म्हणजे लेखनाचा दुबळेपणा नसून त्याची विश्वसनीयता आहे, ही जाणीव येथे स्पष्ट दिसते. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला संदर्भ देण्याचे प्रयोजन समजावून सांगताना यापेक्षा जवळचे उदाहरण सापडणे कठीण आहे.

परीक्षाकेंद्री विद्यापीठ आणि विद्यापीठाबाहेरचे संशोधन

१८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे स्थापन झालेली विद्यापीठे प्रामुख्याने परीक्षा घेणारी व पदव्या देणारी होती. अध्यापन संलग्न महाविद्यालयांत होत असे. या रचनेचा परिणाम दूरगामी ठरला. जे परीक्षेत विचारले जाते ते शिकवायचे आणि जे शिकवले ते पाठ करायचे, हा क्रम दृढ झाला. नागपूर येथे १८८५ मध्ये सुरू झालेले मॉरिस कॉलेज प्रारंभी कलकत्ता विद्यापीठाशी संलग्न होते. वणी येथे जन्मलेले लोकनायक बापूजी अणे यांच्यासारखे या जिल्ह्याचे विद्यार्थी तेथेच शिकले. वऱ्हाडातील अमरावती येथे किंग एडवर्ड कॉलेज १९२३ मध्ये स्थापन झाले आणि त्याच वर्षी नागपूर विद्यापीठ अस्तित्वात आले.

या काळात महाराष्ट्रातील संशोधनाचा मुख्य प्रवाह मात्र महाविद्यालयाच्या वर्गाबाहेरून वाहत होता. वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध केला. १९१० मध्ये पुणे येथे भारत इतिहास संशोधक मंडळ आणि १९१७ मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झाले. राजवाड्यांनी दप्तरे धुंडाळली ती गावोगावच्या वाड्यांत व मठांत, आणि त्यांच्याकडून जे शिकले ते त्यांच्यासोबत काम करूनच शिकले.

यवतमाळचा इतिहासही असाच आहे. व्यवसायाने वकील असलेले यशवंत खुशाल देशपांडे यांनी येथे शारदाश्रम ही संशोधनसंस्था उभी केली. महानुभाव पंथाचे ग्रंथ सांकेतिक लिप्यांत बंदिस्त होते. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी ‘सकळ’ लिपीचा उलगडा केल्यावर या वाङ्मयाचे दार उघडले. त्यानंतर या वाङ्मयाचा परिचय करून देणारा देशपांडे यांचा ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. हे कार्य महानगरापासून दूर असलेल्या जिल्ह्याच्या गावी, स्थानिक पोथ्यांच्या आधारे सिद्ध झाले, ही बाब लक्षणीय आहे.

शारदाश्रमाचा दाखला दोन दृष्टींनी बोलका आहे. संशोधनासाठी लागणारी साधने जिल्ह्यातच उपलब्ध असतात, हे त्यावरून सिद्ध होते. त्याचबरोबर ही विद्या महाविद्यालयाच्या अभ्यासक्रमाचा भाग कधीच झाली नाही, हेही त्यावरून दिसते. व्यासंगी व्यक्तीच्या सहवासात ज्याला येता आले तो शिकला. वर्गात बसणारा सामान्य विद्यार्थी तिच्यापासून दूरच राहिला.

स्वातंत्र्योत्तर काळ : विस्तार झाला, शिक्षण बदलले नाही

नागपूर विद्यापीठाच्या परिघात वा. वि. मिराशी आणि वि. भि. कोलते यांनी संशोधनाचे उच्च मानदंड निर्माण केले. मिराशी यांनी संपादित केलेला वाकाटक नृपतींच्या कोरीव लेखांचा खंड १९६३ मध्ये, तर कोलते यांनी पाठभेदांसह सिद्ध केलेली लीळाचरित्राची आवृत्ती १९७८ मध्ये प्रसिद्ध झाली. या दोन्ही विद्वानांनी आयुष्याचा मोठा काळ महाविद्यालयीन अध्यापनात घालविला. परंतु त्यांची पद्धती त्यांच्या ग्रंथांत राहिली. पदवीच्या पहिल्या वर्षाच्या अभ्यासपत्रिकेत तिला स्थान मिळाले नाही.

डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने (१९४८-४९) परीक्षापद्धतीतील सुधारणेला सर्वाधिक निकडीची सुधारणा मानले होते. कोठारी आयोगानेही (१९६४-६६) परीक्षांच्या वर्चस्वावर बोट ठेवले. दरम्यान यवतमाळ येथील अमोलकचंद महाविद्यालय, वणी येथील लोकमान्य टिळक महाविद्यालय, पुसद येथील फुलसिंग नाईक महाविद्यालय यांसारख्या संस्थांमुळे उच्च शिक्षण तालुक्यापर्यंत पोहोचले. १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ स्थापन होऊन जिल्ह्यातील महाविद्यालये त्याच्या कक्षेत आली. हा विस्तार सामाजिक दृष्ट्या अत्यंत मोलाचा होता. मात्र विद्यार्थिसंख्या वाढत गेली तशी निबंधिका तपासणे, लहान गटांत चर्चा करणे या गोष्टी मागे पडल्या.

मराठी माध्यमाचा प्रश्नही येथे उपस्थित होतो. महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाने विविध विषयांची मराठी पाठ्यपुस्तके उपलब्ध करून दिली, भाषा संचालनालयाने परिभाषा कोश सिद्ध केले आणि मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रकाशित झाला. ज्ञानाची मराठी भाषा त्यामुळे घडली. परंतु त्या भाषेत विद्यार्थ्याने स्वतः कसे लिहावे, टिपण कसे काढावे, दुसऱ्याचे म्हणणे आपल्या शब्दांत मांडून त्याचे श्रेय कसे द्यावे, हे शिकविणारा तास वेळापत्रकात आला नाही.

प्रकल्पाचे आगमन आणि त्याची परिणती

प्रथमच मोठ्या प्रमाणावर पदवी विद्यार्थ्यांच्या हाती प्रकल्प आला तो पर्यावरण अभ्यासाच्या निमित्ताने. एम. सी. मेहता खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांनुसार विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा सक्तीचा अभ्यासक्रम तयार केला. त्यातील १०० गुणांपैकी २५ गुण क्षेत्रकार्यासाठी राखून ठेवले होते. कल्पना उत्तम होती. गावातील नाला, तलाव, पाणवठा, कचरा यांची पाहणी करून विद्यार्थ्याने अहवाल लिहावा, असे अपेक्षित होते.

प्रत्यक्षात काय घडले हे प्राध्यापकवर्गास सांगण्याची आवश्यकता नाही. झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रकल्प मिळू लागले. ज्या तलावाला विद्यार्थ्याने कधी भेट दिली नाही त्या तलावाचे वर्णन सुवाच्य अक्षरात उतरवून सादर होऊ लागले. याचा सारा दोष विद्यार्थ्याच्या माथी मारणे योग्य होणार नाही. निरीक्षण कसे करावे, नोंद कशी ठेवावी, परिच्छेद कसा बांधावा हे त्याला कोणी शिकविले नव्हते. न शिकविलेल्या गोष्टीची परीक्षा घेतली गेली आणि तिला नक्कल हे उत्तर मिळाले.

दुसऱ्या बाजूने अध्यापकांवरही संशोधनाचा दबाव वाढत गेला. २०१० च्या विनियमांनी शैक्षणिक कामगिरी निर्देशांक आणला आणि प्रकाशनांना गुण मिळू लागले. शोधनिबंधांची संख्या वाढली, परंतु अनेक अध्यापकांना स्वतःच्या शिक्षणात लेखनाचे पद्धतशीर मार्गदर्शन मिळालेले नव्हते. शिक्षकाला जे कोणी शिकविले नाही ते त्याने विद्यार्थ्याला शिकवावे, ही अपेक्षा त्यामुळेच फलद्रूप झाली नाही. ही बाब कटू असली तरी मान्य करावयास हवी.

वरून खाली येणारी धोरणे

आयोगाच्या नंतरच्या धोरणांचा क्रम पाहिला असता एक दिशा स्पष्ट दिसते. २००९ च्या विनियमांनी पीएच.डी. साठी संशोधन पद्धतीसह पूर्व-अभ्यासक्रम अनिवार्य केला. २०१८ मध्ये वाङ्मयचौर्य प्रतिबंधाचे विनियम आले आणि १० टक्क्यांपर्यंतचे साम्य दंडनीय न मानता त्यापुढे शिक्षेच्या श्रेणी निश्चित झाल्या. त्यानंतर संशोधन व प्रकाशन नीतिमत्ता हा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम पीएच.डी. च्या विद्यार्थ्यांसाठी आला. म्हणजेच पंचविशी ओलांडलेल्या संशोधकाला चौर्य म्हणजे काय ते सांगण्यात आले. परंतु अठराव्या वर्षी पहिला प्रकल्प उतरवून काढणाऱ्या विद्यार्थ्याला ते सांगण्याची तरतूद झाली नाही. सवय आधी जडली आणि नियम मागाहून आला.

अन्य देशांतही हा प्रश्न चर्चिला गेला आहे. अमेरिकेतील बॉयर आयोगाने १९९८ मध्ये पदवीच्या पहिल्याच वर्षापासून शोधाधिष्ठित अध्ययनाचा आग्रह धरला होता. आपल्याकडे २०२० च्या धोरणाने आणि डिसेंबर २०२२ मधील श्रेयांक आराखड्याने ही दिशा स्वीकारली. चार वर्षांच्या पदवीत संशोधनासह ऑनर्स हा पर्याय आला व त्यात १२ श्रेयांकांचा प्रबंध समाविष्ट झाला. महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून ही रचना लागू झाली. पहिल्या वर्षानंतर क्षेत्र प्रकल्प आणि समाजाशी निगडित उपक्रम हे अभ्यासक्रमाचे अंग ठरले आहेत. या पुढील टप्प्यांची पूर्वतयारी प्रथम वर्षातच झाली नाही, तर पर्यावरण प्रकल्पाचा अनुभव अधिक मोठ्या प्रमाणावर पुन्हा येईल, ही भीती निराधार नाही. त्यातच २०२२ च्या अखेरीपासून क्षणात मजकूर तयार करून देणारी संगणकीय साधने सर्वांच्या हाती आली आहेत. तयार अहवालासाठी आता झेरॉक्सच्या दुकानापर्यंतही जावे लागत नाही.

जिल्हा हेच साधन

यवतमाळ जिल्ह्याच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. शेतकरी आत्महत्यांच्या संदर्भात हा जिल्हा देशभर अभ्यासला गेला. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा अहवाल २००५ मध्ये, तर इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचा अहवाल २००६ मध्ये सादर झाला. त्याच वर्षी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांनी ३,७५० कोटी रुपयांचे साहाय्य घोषित केले. बाहेरून अभ्यासक आले, त्यांनी प्रश्नावल्या भरून घेतल्या व अहवाल लिहिले. या साऱ्यात येथील घरे उत्तरदात्याच्या भूमिकेत राहिली. त्या घरांतील मुलगा किंवा मुलगी महाविद्यालयात शिकत असताना आपल्याविषयीचे अहवाल वाचू, तपासू व प्रसंगी खोडू शकत नसेल, तर त्या शिक्षणाचे प्रयोजन काय, हा प्रश्न विचारणे भाग आहे.

या विषयातूनच साधन-चिकित्सेचा पहिला धडा देता येतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी पोलिसांच्या नोंदींवर आधारित असते. महसूल यंत्रणेची यादी मदतीच्या निकषांवर प्रकरणांचे ‘पात्र’ व ‘अपात्र’ असे वर्गीकरण करते. त्यामुळे दोन्हींचे आकडे जुळतीलच असे नाही. आकडा खोटा की खरा असे विचारण्याआधी तो कोणी, कशासाठी आणि कोणत्या व्याख्येने मोजला, हे विचारावयाचे असते, ही गोष्ट विद्यार्थ्याला अन्य कोणत्याही उदाहरणापेक्षा येथे लवकर उमगेल. अर्थात ज्या घरावर असा प्रसंग आला आहे त्या घरचा विद्यार्थी वर्गात बसलेला असू शकतो, याचे भान अध्यापकाने राखले पाहिजे.

दुसरा धडा जिल्हा गॅझेटियरचा देता येईल. वणी जिल्हा या जुन्या नावाऐवजी १९०५ मध्ये यवतमाळ हे नाव रूढ झाले आणि १९०८ मध्ये इंग्रजी अमदानीतील गॅझेटियर प्रसिद्ध झाले. स्वातंत्र्योत्तर काळात महाराष्ट्र शासनाने नवे गॅझेटियर काढले. दोन्हींतील आपल्या तालुक्याचे एकेक पान मराठीत सारांशरूपाने मांडून काय बदलले आणि लिहिणाऱ्याची नजर कशी बदलली, हे एका पानात लिहिण्यास सांगावे. तिसरा धडा मौखिक साधनांचा आहे. जुलै १९३० मध्ये पुसद परिसरात बापूजी अण्यांच्या नेतृत्वाखाली जंगल सत्याग्रह झाला. त्याचे प्रत्यक्ष साक्षीदार आता नाहीत, परंतु घराघरांत सांगितल्या जाणाऱ्या आठवणी आहेत. बंजारा तांड्यांत आणि कोलाम पोडांवरही लिखित स्वरूपात न आलेला इतिहास आहे. सांगणारा कोण, त्याने स्वतः पाहिले की ऐकले, दुसरा कोणी वेगळे सांगतो काय, या तीन प्रश्नांसह विद्यार्थ्याने एक आठवण नोंदवावी. म्हाइंभटांची पद्धत यापेक्षा वेगळी नव्हती.

उपाययोजना

उपरोक्त विवेचनाच्या आधारे प्रथम वर्षासाठी पुढील मर्यादित कार्यक्रम सुचविता येतो.

१. संपूर्ण वर्गासाठी एकच छोटे साधन निवडावे. सर्वांनी तेच वाचलेले असल्याने उतारा कोठे आणि स्वतःचे लेखन कोठे हे अध्यापकास तपासणे सोपे जाते.

२. अहवालाची लांबी दोन पानांपेक्षा अधिक असू नये. वीस पाने मागितली की नक्कल अटळ होते. दोन पाने अध्यापकालाही वाचता येतात.

३. अंतिम लेखनाबरोबर हस्तलिखित टिपणे व पहिला कच्चा खर्डा घ्यावा आणि गुणांचा मोठा वाटा त्यांना द्यावा. तयार मजकूर विकत मिळतो, किंवा यंत्राकडून मिळतो. परंतु चुकत सुधारत गेलेला खर्डा सादर करावयाचा तर बहुतांशी काम करावेच लागते.

४. संदर्भ देण्याची तांत्रिक शैली नंतर शिकवावी. ‘हे अमुक ठिकाणी वाचले’, ‘हे अमुक व्यक्तीने सांगितले’, ‘हे माझे निरीक्षण’ असे तीन भेद वाक्यात स्पष्ट करता येणे, एवढे उद्दिष्ट पहिल्या सत्रात पुरेसे आहे.

५. लेखन मराठीत असावे. बोलीतील साक्ष बोलीतच नोंदवून तिचा प्रमाण मराठीत अर्थ देण्यास मुभा असावी.

या कार्यक्रमास मर्यादा आहेत. रिक्त पदे, तासिका तत्त्वावरील अध्यापकांची अनिश्चितता आणि मोठे वर्ग ही वस्तुस्थिती एखाद्या उपक्रमाने बदलणार नाही. आठवड्याच्या चार तासिकांत साठ विद्यार्थ्यांचे खर्डे वाचणे हे कष्टाचे काम आहे व कार्यभारात त्याची गणना झाल्याशिवाय ते टिकणार नाही. ही मागणी महाविद्यालयांनी विद्यापीठाकडे एकत्रितपणे मांडणे गरजेचे आहे.

निष्कर्ष

१. साधनांची नोंद व साक्षीची पडताळणी यांची परंपरा वऱ्हाडात विद्यापीठीय शिक्षणापूर्वीपासून विद्यमान आहे.

२. आधुनिक काळात संशोधन प्रामुख्याने शारदाश्रमासारख्या विद्यापीठाबाहेरील संस्थांत व व्यासंगी व्यक्तींच्या सहवासात वाढले. परीक्षाकेंद्री महाविद्यालयाने ते पहिल्या वर्षाच्या वर्गापर्यंत नेले नाही.

३. पर्यावरण प्रकल्पाच्या अनुभवावरून, कौशल्य न शिकविता लादलेला प्रकल्प नक्कलेस उत्तेजन देतो, असे दिसते.

४. नैतिकतेचे व पद्धतीचे शिक्षण पीएच.डी. पासून सुरू करण्याऐवजी पदवीच्या पहिल्या सत्रापासून सुरू होणे आवश्यक आहे.

समारोप

यवतमाळसारख्या जिल्ह्यात राहून एका वकिलाने बंद पोथ्या वाचल्या आणि मराठी वाङ्मयाच्या इतिहासाला एक अज्ञात दालन परिचित करून दिले. त्यांच्यापाशी प्रयोगशाळा किंवा आंतरजाल नव्हते. प्रश्न, पोथी आणि चिकाटी एवढेच भांडवल होते. आजच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याजवळ साधने त्याहून कितीतरी अधिक आहेत. त्याला उणीव आहे ती त्याचा पहिला खर्डा वाचून त्यावर चार ओळी लिहिणाऱ्या अध्यापकाची. त्या चार ओळी लिहिल्या गेल्या तर तो आपल्या गावाविषयी लिहिलेले वाचेल आणि पुढे स्वतःही लिहील. येणाऱ्या सत्रात प्रत्येक विभागाने एका वर्गापासून, दोन पानांच्या एका लेखनापासून आरंभ करावा, एवढीच या अभ्यासाची अपेक्षा आहे.